पन्नास मीटर

पळण्यावरून मला पत्ता कळतो.
चुन्याची रेघ, तोंडात शिट्टी,
हातात शाळेचं ते स्टॉपवॉच
ज्याचं बटण दोनदा दाबावं लागतं.
एकोणीस वर्षं हेच करते आहे.

विहंग थेटे, पाथर्डी फाटा, सहावा मजला.
सुटतो झकास,
बाराव्या पावलाला मात्र पाय आखडतात,
मान मागे वळते.
अरे, गाडी नाहीये मागे, पळ!
तो ओशाळून हसतो.
त्याच्या पार्किंगमध्ये दोन खांबांमधलं अंतर
बारा पावलं आहे,
तेवढीच धाव त्याच्या पोटऱ्यांना पाठ,
तीही सेक्रेटरींची दुपारची झोप
मोडणार नसेल तर.

झियान पठाण, वडाळा गाव.
याला सरळ पळताच येत नाही.
हातगाडी, शेळी, नळावरची रांग,
उघड्या गटारावरची हलती फरशी
यांतून वाट काढत वाढलेलं पोर
रिकाम्या मैदानावरही
काहीतरी चुकवत जातं.
वेळ वाईट लागते.
कबड्डीच्या संघात मी त्यालाच आधी घेते.

कार्तिकी काकड, मखमलाबाद.
डोकं खाली, खांदे आत,
द्राक्षाच्या मांडवाखालून पळावं तशी.
तारा डोळ्यांच्या उंचीवर असतात, मॅडम, म्हणायची.
गेल्या वर्षी बाग तोडली, प्लॉट पडले,
आता तिथे चुना लावलेल्या खुंट्या आणि मोकळं आभाळ.
मान तिची अजून वर आलेली नाही.

तक्त्यात रकाने आहेत:
उंची, वजन, वेळ, शेरा.
शेऱ्यात मी लिहिते, सरावाची गरज.
कुठे करायचा, ते लिहायला जागा नाही.

पालकसभेत विहंगची आई म्हणाली,
दिवसभर मोबाईलला चिकटलेला असतो, जरा ओरडा त्याला.
ओरडते म्हटलं.
घरी जाताना आठवलं,
आमच्या सिडकोच्या घरात
केर काढायचा तरी आई आधी आम्हाला बाहेर काढायची,
मग फरशी वाळेपर्यंत आत यायचं नाही.
घर लहान होतं म्हणून गल्ली आमची होती.
आम्ही काही गुणी नव्हतो,
आत मावत नव्हतो, एवढंच.

आणि चंदा लिलके.
आठ पूर्णांक एक.
मला वाटलं, बटण अडकलं.
पुन्हा पळवलं. आठ पूर्णांक एक.
पत्ता? नवी बिल्डिंग, नाव अजून लागलं नाही.
बाप वॉचमन, पेठकडचा.
सात मजले, जिन्याला कठडा नाही,
एका हातात मिस्त्र्यांच्या चहाची किटली,
दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन,
शाळेआधी दोनदा, शाळेनंतर दोनदा.
टाळ्या वाजवायला उचललेले हात
मी मध्येच खाली घेतले.
शेऱ्यात काय लिहू? उत्तम?
लिफ्ट बसली की आम्ही जाऊ, मॅडम, ती म्हणाली,
दुसरीकडं, जिथं लिफ्ट नसंल तिथं.

त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर
मी फ्लॅट बुक केलाय.
हे तिला सांगितलं नव्हतं.
माहितीपत्रकात हिरवळ आहे,
तिच्यावर तीन मुलं धावताहेत,
केस उडताहेत,
एकाचीही सावली पडलेली नाही.

रविवारी हप्त्याची पावती घ्यायला गेले.
हिरवळीच्या जागी एक माणूस उकिडवा बसून
पिवळ्या रंगानं स्कूटरचे चौकोन आखत होता.
चंदा बाहेर आली, ओळखीचं हसली.
मी सहज म्हटलं, इथे पळता येईल का गं कुणाला?
तिनं चप्पल काढली,
ओला रंग चुकवत गेली,
कंपाउंडच्या भिंतीला हात टेकवून परत आली.
दमही लागला नव्हता.
चौदा, मॅडम.

विहंगपेक्षा दोन जास्त,
मी मनातल्या मनात मांडलं,
आणि पावतीवर सही केली.